एकोणिसाव्या सेकंदाला

बर्च हॉलो, सस्कॅचवान
७ सप्टेंबर १९८२

प्रिय दारका,

मास्तरीणबाई, तुझा एकुलता एक भाऊ जिवंत आहे, धान्याच्या कोठारावर पोती उचलतो आहे आणि रोज संध्याकाळी फुटबॉलच्या सरावाला जातो आहे. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. आमच्या फोनच्या एकाच तारेवर पाच घरं आहेत आणि पाचही घरं कान लावून बसलेली असतात. परवा मी दुकानात मोजे मागवले, तर म्हातारी मिसेस फेअरली मधेच म्हणाली, ‘लोकरीचे घे रे.’

आधी एक गंमत सांगतो. कोच मॅक्रे आपल्या क्लेमवर ओरडत होते, ओरडता ओरडता त्यांची वरची कवळी तोंडातून सुटली आणि गवतात पडली. आपल्या क्लबची कुत्री आहे ना, पिरोगी, तिनं ती उचलली आणि धूम ठोकली. छत्तीस जण तिच्या मागे! कोठारापाशी सापडली एकदाची. कोचनी कवळी कॉफीत बुचकळली, तोंडात बसवली, आणि शिवी जिथं तुटली होती तिथून पुढे चालू केली. मी हसून हसून खाली बसलो.

आता काम. मला एक पट्टी लिहून हवी आहे. डाव्या मनगटाला पट्टा असतो, त्यावर प्लास्टिकची खिडकी, तिच्यात बसेल एवढी. बारा ओळी, बारा डाव. यादी मागच्या पानावर आहे. कोच बाहेरून बोटांनी आकडा दाखवतात, मी त्या आकड्याची ओळ आमच्या बारा जणांच्या घोळक्यात वाचायची. तुझं अक्षर मुंगीएवढं आणि मोत्यासारखं, माझं तुला माहीत आहे.

तुला वाटेल डाव पाठ का नाहीत? आहेत की. पण आपल्या वडिलांचं, तातोंचं, सांगणं आठवतं ना? सीमेपलीकडच्या अमेरिकी फुटबॉलात त्यांना चार प्रयत्न आणि ऐसपैस वेळ. आपल्याकडे दहा यार्डांसाठी तीनच प्रयत्न, आणि पंचांची शिट्टी वाजली की वीस सेकंद. तेवढ्यात घोळका, डाव, रांग आणि चेंडू हलला पाहिजे. आघाडीवर असलो तर एकोणीस सेकंद खायचे, समोरच्याला तिष्ठत ठेवायचं. पिछाडीवर असलो तर आठव्या सेकंदालाच निघायचं. वाचून सांगितलं की सोपं पडतं.

ऑगस्टच्या शेवटच्या सरावात एका नव्या दांडगटानं मला उताणं पाडलं. डोकं आपटलं, डोळ्यांसमोर काजवे चमकले, उठलो. सांगायचं म्हणून सांगितलं.

यंदा माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कनिष्ठ संघात वय बसत नाही. मोठ्या व्यावसायिक संघाचा माणूस यंदा सामने बघून खेळाडू निवडायला येणार आहे म्हणतात. पट्टी लवकर धाड.

तुझा,
यारेमा

*

पाइन नॅरोज, मॅनिटोबा
१४ सप्टेंबर १९८२

प्रिय यारेमा,

पट्टी सोबत आहे. मुंगीएवढं अक्षर म्हणे! भिंग घेऊन लिहिली. घाम लागून शाई पसरेल म्हणून वर मेणबत्ती घासली आहे. ‘लाल कोल्हा’ आणि ‘उत्तरेची भिंत’ ही नावं कोणी ठेवली? आमच्या तिसरीतल्या मुलांना यापेक्षा बरी सुचतात.

कवळीची गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. मुख्याध्यापकांना ठसका लागला. त्यांचीही कवळीच आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शनिवारी रेडिओ लावला होता. हवा स्वच्छ असली की तुमचं केंद्र इथं खणखणीत लागतं. तातोंचं थांबघड्याळ हातात घेऊन बसले. तीस वर्षं मैदानावर त्यांनी वेळ मोजली, दहा सेकंद उरले की हात वर करून ‘दहा!’ म्हणायचे, आणि मी त्यांच्या कोटाला धरून शेजारी उभी असायचे. ते घड्याळ कपाटात नुसतं पडलेलं बघवत नाही. पंचांची शिट्टी रेडिओवर ऐकू येते आणि चेंडू मागवणारी तुझी आरोळीही. मी मोजलं. सतरा, अठरा, अठरा, एकोणीस! दोन गुणांची आघाडी आणि तू त्यांचं सगळं घड्याळ खाऊन टाकलंस. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. तातो असते तर त्यांनी तुला कोपऱ्यात घेऊन एक रट्टा दिला असता आणि मग दुकानात नेऊन जे मागशील ते घेऊन दिलं असतं.

डोकं दुखतं का? दुखत असेल तर डॉक्टरला दाखव. काजव्यांची गोष्ट मला आवडली नाही.

तुझी,
दारका

*

बर्च हॉलो
२९ सप्टेंबर १९८२

प्रिय दारका,

तुझ्या भावाला आता नाव पडलं आहे. ‘एकोणीस.’ पेपरवाल्यानं छापलं, आता बर्फाच्या रिंकवर कॉफी प्यायला गेलो तरी ‘काय एकोणीस, साखर किती, एकोणीस?’ असं चालतं. पंच बिचारा दहाला हात वर करतो, समोरचे दात-ओठ खात उभे, आणि मी आपला निवांत. कोच म्हणतात असा थंड डोक्याचा पोरगा त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही.

पट्टी झकास चालते. तिच्यावाचून माझं कसं झालं असतं कोण जाणे.

झोप मात्र नीट लागत नाही. कोठारावरचा मोठा दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणून मी आत पोती मोजायचं काम मागून घेतलं आहे. थंडी सुरू झाली की होत असेल असं.

अरे हो, तुला एक गंमत सांगायची राहिलीच! कोच मॅक्रे क्लेमवर ओरडत होते, ओरडता ओरडता त्यांची वरची कवळी तोंडातून सुटली आणि गवतात पडली. पिरोगीनं ती उचलली आणि धूम ठोकली. छत्तीस जण तिच्या मागे! कोठारापाशी सापडली. कोचनी कवळी कॉफीत बुचकळली, बसवली, आणि शिवी जिथं तुटली होती तिथून पुढे चालू केली. तुझ्या शाळेत सांग, सगळे हसतील.

यारेमा

*

पाइन नॅरोज
५ ऑक्टोबर १९८२

यारेमा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहिते.

कवळीची गोष्ट तू मला सात सप्टेंबरला लिहिली होतीस. मी तुला त्यावर उत्तरही दिलं होतं. तू ती पुन्हा लिहिलीस, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि म्हणालास ‘सांगायची राहिलीच’. मी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. एखादी गोष्ट माणूस दोनदा सांगतो, मीही सांगते. पण हे तसं नाही रे.

दुसरं. गेल्या शनिवारी कॅसलटनविरुद्ध तुम्ही चौदा गुणांनी मागे होतात. शेवटचं सत्र. रेडिओवाला ओरडत होता, ‘घाई करायला हवी, बर्च हॉलोनं घाई करायला हवी.’ मी मोजत होते. अठरा. एकोणीस. अठरा. एकोणीस. मागे असताना घड्याळ कोणी खात नाही, यारेमा. हे मला तूच लिहिलंस, आणि तातोंच्या कोटाला धरून उभी होते तेव्हापासून मला हे माहीत आहे.

म्हणजे तू घड्याळ खात नाहीस. तुला तेवढा वेळ लागतो आहे. खरं ना?

मी मूर्ख, टाळ्या वाजवत बसले. खरं काय ते लिही. रागावणार नाही.

दारका

*

बर्च हॉलो
१२ ऑक्टोबर १९८२

दारका,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. काल सुगीच्या सणाची सुट्टी होती, क्लेमच्या घरी टर्कीची मेजवानी होती, आणि तुझ्या कृपेनं मी ताट तसंच ठेवून उठलो.

तू शाळेतल्या पोरांच्या वह्या तपास. माझे सेकंद तपासू नकोस. तीनशे मैलांवर रेडिओला कान लावून कोणी डॉक्टर होत नाही. त्या दिवशी मैदान चिखलाचं होतं, सगळेच हळू होते. आणि एखादी गोष्ट दोनदा सांगितली तर काय बिघडलं? मिसेस फेअरली एकच गोष्ट तीस वर्षं सांगते आहे, तिला कोणी वेडी म्हणत नाही.

उपांत्य सामना तेवीस तारखेला आहे. मला शांतपणे खेळू दे. तातो गेल्यापासून तू माझी आई व्हायला बघतेस. नको होऊस.

यारेमा

ता. क. आपल्या क्लबच्या कुत्रीचं नाव काय गं? आठवलं तर लिही. जिभेवर आहे.

*

बर्च हॉलो
२५ ऑक्टोबर १९८२

प्रिय दारका,

मी मागच्या पत्रात तुला वाटेल ते बोललो. पाय धरतो. हे पत्र वाचून जाळून टाक.

मला भीती वाटते. एवढं लिहायलाच अर्धा तास गेला.

शनिवारचा सामना तू ऐकला असशील. आम्ही जिंकलो. पेपरात आहे की शेवटच्या तीन मिनिटांत एकोणीसनं एक चूक केली, पण बचाव फळीनं वाचवलं. ती चूक काय होती ते मी तुला सांगतो. आणखी कोणाला नाही.

चार गुणांची आघाडी होती. दुसरा प्रयत्न. मी मनाशी म्हटलं, वारा आपल्या पाठीशी आहे, वेळ जाऊ दे, वीस सेकंद उलटले तर पाच यार्ड मागे जाऊ, पाच यार्डांनी काय होतं, प्रयत्न तर परत मिळतो. हुशारीच होती ती. मी मुद्दाम थांबलो. शिट्टी वाजली, दंड झाला, आणि पंचानं प्रयत्नच काढून घेतला. कारण शेवटच्या तीन मिनिटांत उशीर केला की यार्ड जात नाहीत, प्रयत्न जातो. हे दहा वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे. मी विसरलो नव्हतो, दारका. मला वाटत होतं अजून चारांपैकी दुसरंच सत्र चाललं आहे.

सामना संपला. लोक मैदानात धावत आले. क्लेमनं मला खांद्यावर घेतलं. मी वरून त्याला विचारलं, ‘मध्यंतरानंतर वारा कुठल्या बाजूनं येईल रे?’ तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग मी गुणफलकाकडे बघितलं, तर सामना संपला होता. सामन्याचा अर्धा भाग माझ्याकडे नव्हताच. अजूनही नाही. कोणी कापून नेल्यासारखा.

कोचनी आधी टोपी जमिनीवर आपटली, जिंकल्यावर मला मिठी मारली.

तू म्हणालीस ते खरं आहे. शिट्टी वाजते आणि डोक्यात पांढरं होतं. कोच बोटं दाखवतात, आकडा दिसतो, मी पट्टीवर ती ओळ शोधतो. अक्षरं नाचतात. ती एका जागी उभी राहायची वाट बघतो. दहाला पंचाचा हात वर जातो, तरी ती नाचतच असतात. मग पंधरा, सोळा, कुठंतरी अक्षरं थांबतात, मी वाचतो, आणि बाकीचं पाय करतात. सगळे म्हणतात काय थंड डोकं! आतून मी घाबरलेला असतो. एक दिवस ती अक्षरं विसाच्या आत थांबणार नाहीत.

सकाळी डोकं इतकं दुखतं की बूट घालायला खाली वाकता येत नाही.

आता ऐक. अंतिम सामना सहा नोव्हेंबरला आहे. मोठ्या संघाचा तो माणूस त्या दिवशी येणार, कोचना पत्र आलं आहे. फक्त एक सामना. साठ मिनिटं. नंतर मी डॉक्टरकडे जाईन, तातोंची शपथ. आत्ता कळलं तर मला बाकावर बसवतील आणि मी जन्मभर पोती मोजत राहीन.

तुझी पट्टी घामानं खराब झाली. मेण निघालं, ओळी पुसट झाल्या. नवी लिहून दे. अक्षर थोडं मोठं काढ. आणि कोचना एक शब्द सांगू नकोस. सांगितलंस तर मला बहीण नाही असं मी समजेन. हे रागानं लिहीत नाही, भीतीनं लिहितो आहे.

यारेमा

ता. क. कुत्रीचं नाव पिरोगी. मीच ठेवलं होतं म्हणे.

*

पाइन नॅरोज
१ नोव्हेंबर १९८२

प्रिय यारेमा,

पत्र जाळलं नाही. उशीखाली ठेवलं आहे, आणि झोपेचं नाव नाही.

एक कबूल करते. तुझं हे पत्र यायच्या आधीच, तू पिरोगीचं नाव विचारलंस ते पत्र आलं त्या दिवशी, मी कोच मॅक्रेंना फोन केला होता. पाच घरं ऐकत असतील तर ऐकू देत म्हटलं. मी सांगितलं, माझ्या भावाला वेळ लागतो आहे, त्याच्या डोक्याला लागलं आहे. ते खो खो हसले. म्हणाले, ‘बाई, तो मुद्दाम करतो! सगळा प्रांत त्याला एकोणीस म्हणतो! पोरगा मला स्वतःच्या तोंडानं सांगेल की मला बरं नाही, तर त्या क्षणी बाहेर काढीन. तोवर बहिणींचं ऐकत बसलो तर माझ्याकडे अकरा जणही उरायचे नाहीत.’ अकरा म्हणाले ते, बारा खेळतात तरी. इतके ते हसत होते. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून रडले.

म्हणून तुला हात जोडून सांगते, तू स्वतः सांग. एकच वाक्य. तुझ्या तोंडून आलं तरच कोच ऐकतील. मला तुझं नाव पेपरात नको. मला पुढच्या उन्हाळ्यात तू इथल्या तळ्यावर मासे धरताना हवा आहेस, मला मास्तरीणबाई म्हणून चिडवताना. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, बाई, तुमचा भाऊ कसा आहे, तर मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं मी तारीख लिहिते आहे.

शुक्रवारी शाळा सुटली की मी निघेन. पण बस रात्रभर रखडते आणि पुढं बर्फ आहे. सामना सुरू व्हायच्या आत पोचेन असं वाटत नाही.

तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. तू तातोंचा मुलगा आहेस. पाय मोडला होता तेव्हाही ते दहाला हात वर करायचे.

तर मग पट्टी घे. या पत्रासोबत नाही, नीट वाळू दे. गुरुवारच्या बसच्या पार्सलनं पाठवते, शनिवारी सकाळी मिळेल. बारा ओळी आहेत. अक्षर मोठं काढलं आहे. या वेळी मेण नाही, वर प्लास्टिक चिकटवून बंद केली आहे. घोळक्यात कोच बोट दाखवतील तेव्हा ती ओळ वाच. जशी आहे तशी, मोठ्यानं वाच. एवढं तरी माझं ऐक.

दारका

*

बर्च हॉलो
८ नोव्हेंबर १९८२

बाई,

मी क्लेम पेल्टिये. तुम्ही इथल्या शाळेत होता तेव्हा मला सातवीत शुद्धलेखनात नापास केलं होतं, तेव्हा चुका पोटात घाला. तुम्ही शहरातल्या इस्पितळात यारेमाच्या उशाशी बसला आहात आणि तुम्हाला सगळं जसं झालं तसं कळायला हवं. यारेमाला काही आठवत नाही. म्हणून मी लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण मला फोनवर रडायला येईल आणि मिसेस फेअरली ऐकेल.

पार्सल सकाळी नऊला बसथांब्यावर मिळालं. मीच त्याला गाडीतून नेलं. त्यानं पाकीट फोडलं, पट्टी काढली आणि न बघता खिडकीत सरकवली. मी म्हटलं, वाचून तरी बघ. तो म्हणाला, आत्ता वाचली आणि कळली नाही तर? मला ते विचित्र वाटलं. पण सामन्याच्या दिवशी सगळेच विचित्र बोलतात, मी तर माझ्या मोज्यांशी बोलतो.

बर्फ भुरभुरत होतं. चेंडू आधी आमच्याकडे. पहिला प्रयत्न. पंचांनी शिट्टी दिली. मी मधला, चेंडू मागं मीच देतो, म्हणून घोळक्यात मी त्याच्या अगदी समोर असतो. कोचनी चार बोटं दाखवली. यारेमानं मनगट वर केलं. आम्ही बाकीचे अकरा जण वाट बघतोय. मग तो वाचू लागला. एकेक शब्द. ‘मला आठवत नाही. मला बाहेर घ्या.’

एक जण खिदळला. दुसरा म्हणाला, ‘नीट वाच रे एकोणीस, हा कुठला नवा डाव?’

त्यानं परत मनगट डोळ्यांजवळ नेलं. बोट खालच्या ओळीवर नेलं, त्याच्या खालच्या ओळीवर नेलं. ‘मला आठवत नाही. मला बाहेर घ्या. मला आठवत नाही. मला बाहेर घ्या.’ आता कोणी हसत नव्हतं. बाजूचा अंपायर हात वर करून म्हणाला, ‘दहा!’ आणि बाई, मी यारेमाचं तोंड बघितलं. आमच्या तबेल्याला आग लागली होती तेव्हा घोड्यांचे डोळे असे झाले होते. बारा वर्षं मी त्याच्यासोबत खेळतो आहे आणि तो आतल्या आत इतका घाबरलेला आहे हे मला कधी दिसलं नाही. सगळ्या हंगामात माझा चेहरा त्याच्यापासून हातभर लांब होता. याची मला लाज वाटते.

मी त्याचा हात धरला. वीस झाले. शिट्टी वाजली, दंड झाला, प्रेक्षक ओरडले. मी त्याला चालवत रेषेबाहेर नेलं. कोच लालबुंद होऊन अंगावर आले, ‘काय चाललंय? पहिल्याच प्रयत्नाला कोणी घड्याळ खातं का, गाढवा?’

यारेमानं तेव्हा मनगटाकडे बघितलं नाही. हात खाली होता. त्यानं कोचकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मला आठवत नाही. मला बाहेर घ्या.’

कोचनी स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि डॉक्टरला अशी हाक मारली की पलीकडच्या बाकावरचे लोक उभे राहिले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डोक्यात रक्त साकळलं होतं, संध्याकाळपर्यंत काढलं. डॉक्टर कोचना म्हणाले की आणखी एक तडाखा बसला असता तर त्यांना काही करता आलं नसतं. काल कोच चर्चबाहेर भेटले तर मला म्हणाले, ‘तिनं फोन केला होता, क्लेम. मी हसलो.’ आणि निघून गेले.

आम्ही एकतीस-सहा असे हरलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तो मोठ्या संघाचा माणूस मध्यंतरातच गेला. जाऊ दे.

पट्टी मी काढून घेतली होती, यारेमाच्या पिशवीत ठेवली आहे. बाराही ओळी मी वाचल्या. एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

तुमचा विद्यार्थी,
क्लेम

*

बर्च हॉलो
९ डिसेंबर १९८२

प्रिय दारका,

तू शाळेत परत गेलीस आणि घर रिकामं झालं. मी बरा आहे. हळू लिहितो. डॉक्टर म्हणतात रोज अर्धं पान लिही, हे अर्धं पान आहे.

क्लेम रोज येतो. टोपीखाली माझं टक्कल बघून म्हणतो, आता चेंडू कुठला आणि तू कुठला कळत नाही. तो सांगतो ते सगळं मी ऐकतो. अंतिम सामन्याचं मला काहीच आठवत नाही. पट्टी पिशवीत सापडली. अक्षर तुझं आहे हे मी ओळखलं. तुझ्यावर चिडावं का, असा खूप वेळ विचार केला. मग मला रडू आलं.

खेळायचं नाही कधीच, असं सांगितलं आहे. हे मात्र मला रोज सकाळी आठवतं.

रात्री भीती वाटते. शिट्टी वाजते असं वाटतं आणि मी मोजायला लागतो. मग उठून दिवा लावतो. काही गोष्टी परत येतील म्हणतात, काही नाही. कुठल्या येतील ते कोणी सांगत नाही.

एक मजेची गोष्ट आज आठवली, ती तुला सांगायची राहिली होती. कोच मॅक्रे एकदा क्लेमवर ओरडत होते, ओरडता ओरडता त्यांची कवळी सुटली आणि गवतात पडली. कुत्रीनं उचलली आणि पळाली. आम्ही सगळे तिच्या मागे. कोचनी मग ती कॉफीत बुचकळली, परत बसवली, आणि शिवी जिथं तुटली होती तिथून पुढे चालू केली. मी खूप हसलो होतो. कुत्रीचं नाव आठवलं की कळवतो.

तुझा,
यारेमा

*

पाइन नॅरोज
१५ डिसेंबर १९८२

प्रिय यारेमा,

तुझं अर्धं पान पोचलं. मी ते खिडकीत उभी राहून वाचलं, परत वाचलं, मग चहा केला आणि आणखी एकदा वाचलं.

तुला एक सांगायचं होतं. त्या शनिवारी माझी बस बर्फात अडकली होती, आणि चालकानं आमच्यासाठी रेडिओ लावला होता. तातोंचं घड्याळ माझ्या मुठीत होतं. पहिली शिट्टी वाजली आणि मी ते चालू केलं. दहा झाले. पंधरा. एकोणीस झाले आणि तुझी आरोळी आली नाही. वीस झाले. मला कळलं की तू वाचलंस. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं हो, का रडता? मी घड्याळ थांबवायला विसरले. इस्पितळात तुझ्या उशाशी बसले तेव्हाही ते कोटाच्या खिशात टिकटिक करत होतं. सकाळी केव्हातरी चावी संपून आपोआप थांबलं. मी त्याला परत चावी दिलेली नाही.

तुला फसवलं, यारेमा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फसवीन.

नाताळच्या सुट्टीला बावीस तारखेला येते. कोबीची पानं आणून ठेव, भात भरून होलुब्त्सी करू. रात्री शिट्टी वाजली तर मला उठव, मी शेजारच्याच खोलीत असेन.

आणि ती कवळीची गोष्ट! मला कोणी सांगितलीच नव्हती. मी एकटीच मोठ्यानं हसले. आल्यावर नीट सांग, सगळी, अगदी सुरुवातीपासून. कुत्रीचं नाव आठवेपर्यंत मी थांबेन.

तुझी,
दारका